छातीवरचा आरसा

प्रोफेसर फान जिंगतांग दुबईत उतरले तेव्हा त्यांचं वय त्रेसष्ट होतं, आणि त्यांच्या बॅगेत कपड्यांपेक्षा फुटकी भांडी जास्त होती. कस्टमवाल्यानं एकेक तुकडा टेबलावर मांडला आणि हे काय म्हणून विचारलं. फान म्हणाले, माझं गाव. त्यांचं इंग्रजी असंच होतं, तुटक आणि सरळ. त्यांना न्यायला आलेला सदानंद काचेपलीकडून हे बघत होता. या माणसाबरोबर काम करणं अवघड जाणार, असं त्याला वाटलं. तसं ते गेलं नाही.

सदानंद ड्राफ्ट्समन. पुण्यात सरकारी नकाशे काढायचा, मग अठ्ठ्याऐंशीमध्ये इकडे आला. त्याच्या ऑफिसचं काम असं, की तेल कंपनीला कुठं पाइपलाइन टाकायची असली की आधी ती जमीन तपासायची. जुनी वस्ती, विहीर, कबर काही निघालं तर नोंद करायची, वस्तू गोळा करायच्या, आणि समितीला कळवायचं. समितीनं थांबा म्हटलं तर पाइप वळायचा. तसं म्हटलं नाही तर बुलडोझर यायचा. सदानंद निघालेल्या भांड्यांची चित्रं काढायचा. अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात ऑफिसचं गोडाऊन होतं, आणि तिथून जवळच त्याचा फ्लॅट. बायको सुचित्रा, मुलगी शुभ्रा.

चिनी मातीचे तुकडे सगळ्या किनाऱ्यावर निघायचे, पण ते ओळखणारं ऑफिसात कोणी नव्हतं. म्हणून फानना चौऱ्याण्णवमध्ये बोलावलं होतं. ते तुकडा हातात घ्यायचे, उलटा करायचे, बूड बघायचे आणि हलकेच जिभेला लावायचे. साइटवरची पोरं हसायची. भिवा म्हणून रत्नागिरीकडचा एक कामगार होता, तो म्हणायचा, म्हाताऱ्याला अर्धपोटी ठेवू नका रे, सगळं म्युझियम खाऊन टाकील. फानना हे कोणी तरी हिंदीतून इंग्रजीत सांगितलं. तेव्हापासून तुकडा जिभेला लावला की ते भिवाकडे बघून मान डोलवायचे, चवीला बरं आहे अशी.

त्यांचा एक नियम मात्र कोणी मोडायचा नाही. काही धुवायचं नाही. कोरडा ब्रश चालेल, फुंकर चालेल, पाणी नाही. वस्तूला चिकटलेली माती हीसुद्धा वस्तूच, असं ते सगळ्यांना सांगायचे. सदानंदला हे पाठ झालं होतं. घरी मात्र हे कधी बोलला नव्हता, कारण घरी बोलायचं काय कारण?

सुचित्रानं फानना पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा त्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि हातानं वरणभात कालवला. तिला म्हातारा आवडला. मग दर आठवड्याला ते यायला लागले. तिला ते मॅडम म्हणायचे, ती त्यांना सर म्हणायची. शुभ्राला ते बोटांवर चिनी आकडे मोजायला शिकवायचे. ती "दॅट्स सो कूल" म्हणायची आणि विसरून जायची.

आपल्याबद्दल ते थोडं थोडं बोलले, ते सगळं त्याच फ्लॅटमध्ये. त्यांच्या गावात भट्ट्या होत्या. वडील पेल्यांना गवत गुंडाळून ते पेटाऱ्यात भरायचे. फुटक्या मालाच्या टेकड्या होत्या, पोरं त्यावर खेळायची. इतके पेले जातात कुठं, हे लहानपणी कोणी सांगू शकलं नाही. म्हणून ते शिकले, बीजिंगला गेले, संग्रहालयात लागले. समुद्रापार गेलेल्या भांड्यांवर त्यांनी लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं, की नुसती भांडी गेली नाहीत, माणसंही गेली, राहिली, आणि तिथंच मेली. पुरावा नव्हता. पुढं चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीची वर्षं आली. परदेशाचं गुणगान करतो म्हणून त्यांना लोकांसमोर उभं केलं, आणि संग्रहालयातले तीन वाडगे त्यांनी चोरले असा आरोप ठेवला. त्यांनी चोरले नव्हते. चोरले असं सही करून द्या म्हणाले. त्यांनी दिलं नाही. त्यांची बायको सूयीन त्या काळात वारली. फान यापुढं सांगायचे नाहीत. बारा वर्षांनी तुमची चूक नव्हती असा कागद आला, एवढं सांगून ते ताटात बघायचे.

"भांडं निघतं कुठून ते मी पाहिलं," ते म्हणायचे. "आता पोचतं कुठं ते बघायचंय."

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सुचित्राच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनं सुरू झाली. तिचे केस गेले. ती घरात सुती रुमाल बांधून वावरायची आणि आरशासमोरून जाताना मान वळवायची. सगळा उपचार सदानंदच्या नोकरीच्या हेल्थ कार्डावर होता. नोकरी म्हणजे व्हिसा, व्हिसा म्हणजे कार्ड, कार्ड म्हणजे इंजेक्शन. एक गेलं तर महिन्याभरात सामान बांधून पुण्याला, आणि तिथं पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, मध्ये खंड पडता कामा नये. सदानंद त्या वर्षी ऑफिसात मान खाली घालून काम करायचा. कोणाशी वाद नाही, उशीर नाही, रजा नाही.

ऑक्टोबरात रुवैसच्या पुढं, समुद्राकाठच्या एका टेकाडात काम चाललं होतं. पाइपलाइन त्यावरूनच जायची होती. तिथं भिवाच्या फावड्याला हाड लागलं. फाननी त्याला थांबवलं आणि स्वतः खाली उतरून ब्रशनं तीन दिवस माती काढली. माणूस उताणा झोपवला होता. तोंड मक्केकडे नव्हतं. छातीवर दोन्ही हातांखाली हिरव्या गंजाची एक गोल ढेप होती, भाकरीएवढी. त्या गंजात कापडाचे धागे अडकलेले दिसत होते, आणि बोटाचं एक हाड.

फान खड्ड्यातून वर आले आणि वाळूत बसले. सदानंदला म्हणाले, हा काशाचा आरसा आहे. आमच्याकडे जुन्या काळी मेलेल्याच्या छातीवर कापडात गुंडाळून ठेवायचे, अंधारात वाट दिसावी म्हणून. इकडच्या लोकांना हे माहीत असायचं कारण नाही. म्हणजे हा आमचा. आणि आणखी एक. "याला पुरणारासुद्धा आमचाच होता. एक नाही, मिस्टर सदा. दोघं होते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सदानंदनं दुसरीकडे पाहिलं.

फोटो काढले, सदानंदनं चित्र काढलं. पण फोटोत ती नुसती हिरवी ढेप होती. आरसा आहे, चिनी आहे, कापडात होता, हे समितीला दाखवायचं तर एक्स-रे हवा होता. गंजाच्या आत अक्षरं असली तर ती खरवडल्याशिवाय दिसली असती. दुबईत एका क्लिनिकच्या रेडिऑलॉजिस्टची ओळख निघाली. तो म्हणाला, शुक्रवारी दुपारी मशीन रिकामं असतं, आणा. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती. पाइपलाइनवाले रोज फोन करत होते.

गुरुवारी संध्याकाळी दोघं ती ढेप पेटीत घालून गाडीनं दुबईत आले तेव्हा गोडाऊनला कुलूप होतं. किल्ल्या मॅनेजर मुश्ताकसाहेबांकडे, आणि ते सुट्टीला म्हणून शारजाला मेहुण्याकडे गेलेले. फोन लागेना. नियम असा होता, की साइटवरची वस्तू गोडाऊनशिवाय कुठंही ठेवायची नाही. फान म्हणाले, गाडीत बसून राहू. सदानंद म्हणाला, सर, रात्रभर गाडीत काय बसता? माझ्या घरी चला, एक रात्रीचा तर प्रश्न आहे. फाननी बराच विचार केला. मग हो म्हणाले.

पेटी हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली. सुचित्रानं विचारलं, काय आहे? सदानंद दमला होता. तो म्हणाला, सरांच्या पूर्वजांचा आरसा सापडलाय, खूप मोठी गोष्ट आहे, त्यांच्या जन्माचं काम झालं. जपून राहा. एवढंच म्हणाला. धुवायचं नाही हे त्याला सांगावंसं वाटलं नाही. बंद पेटीतली वस्तू कोण कशाला धुवेल?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

आधीच्या इंजेक्शनला दोन आठवडे झाले होते आणि सुचित्राला त्या सकाळी बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं. लग्नापासून तिनं खंडेनवमी चुकवली नव्हती. घरात ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं. तिनं झेंडू आणायला सदानंदला बर दुबईला देवळाच्या गल्लीत पाठवलं. फानना खाडीवर अब्रात, तिथल्या होडीत, बसायचं होतं, तेही गेले. शुभ्रा झोपली होती.

सुचित्रानं सदानंदचे कंपास आणि मोजपट्ट्या काढल्या. शुभ्राची कंपासपेटी काढली. विळी, सुरी. मग तिच्या मनात आलं, सर पाहुणे आहेत, त्यांचीही पूजा व्हायला हवी. त्यांच्या पिशवीतली करणी आणि ब्रश घेतले. आणि पेटी उघडली. पाहते तर इतक्या जपून आणलेला पूर्वजांचा आरसा हिरवागार पडलेला, वर चिंध्या चिकटलेल्या. तिच्या माहेरी देवाचं पितळ असं राहू दिलं तर सासू-सुनांची भांडणं व्हायची. बिचाऱ्यांना बायको नाही, घर नाही, कोण घासणार, असं तिला वाटलं. तिनं गरम पाण्यात चिंच आणि मीठ कालवलं, त्यात आरसा भिजत ठेवला, आणि मग तारेच्या घासणीनं घासला. हात दुखत होते तरी घासला. सिंकमध्ये हिरवं पाणी वाहत राहिलं.

दोघं दहाच्या सुमारास आले. दारातच उदबत्तीचा वास आला. हॉलमध्ये पाट मांडला होता, आणि मधोमध आरसा होता, कुठं तांबूस, कुठं पांढरट चकाकणारा, वर हळदीकुंकवाची बोटं. सुचित्रा पदर खोचून उभी होती. किती दिवसांनी तिचा चेहरा उजळलेला होता. ती म्हणाली, बघा सर, कसा निघालाय.

सदानंदच्या हातातून फुलांची पुडी पडली.

फाननी चपला काढल्या, पाटासमोर मांडी घातली आणि आरशाकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "मॅडम, पाणी कुठं गेलं?"

सिंकखालचा पाइप त्यांनी आणि सदानंदनं मिळून उघडला. खाली बादली धरली. चहाच्या गाळणीतून सगळा गाळ गाळला. शितं निघाली, कोथिंबिरीच्या काड्या निघाल्या, चिंचेचा चोथा. हिरव्या कणांचे दोन-चार ठिपके निघाले. कापड नाही. हाड नाही. सुचित्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काय झालं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण दोन पुरुष मोरीत गाळ चाळत आहेत एवढं पाहून तिला कळलं. तिनं डोक्यावरचा रुमाल काढला आणि तोच गाळायला पुढं केला, गाळणीतून बारीक कण निसटत होते म्हणून. त्या रुमालातही काही राहिलं नाही.

दुपारी फाननी आरसा उलटा करून उजेडात धरला. मागं अक्षरं होती, आता स्वच्छ दिसत होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. एका गावाचं नाव होतं, आणि त्या गावच्या घराण्यातल्या दुसऱ्या काकानं हा ओतला असं होतं. त्यांनी सदानंदला समजावलं, अगदी शांतपणे, विद्यार्थ्याला समजावावं तसं. आरसा खरा आहे. पण असा चकचकीत आरसा कोणीही कुठूनही विकत आणू शकतो. तो त्या माणसाच्या छातीवर, कापडात, त्याच्या बोटाखाली होता, हे सांगणारं जे होतं ते गेलं. फोटोतली ढेप आणि हा आरसा एकच, हे आता फक्त आपण म्हणतो.

क्लिनिकला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं.

शुक्रवार आणि शनिवारमधली ती रात्र सदानंदनं कशी काढली ते त्याचं त्याला माहीत. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. नियम मोडून वस्तू घरी नेली, तिथं बायकोनं ती चिंचेनं घासली. यावर नोकरी राहणं शक्य नव्हतं. सुचित्राची अजून चार इंजेक्शनं बाकी होती.

शनिवारी मुश्ताकसाहेबांच्या केबिनमध्ये आरसा टेबलावर ठेवला. मुश्ताकसाहेब लाहोरचे, वीस वर्षं या धंद्यात. त्यांनी आरसा पाहिला आणि हळूच हातातला चहा खाली ठेवला. सदानंदनं तोंड उघडलं. त्याच्या आधी फान बोलले.

"मी साफ केला. मला अक्षरं वाचायची घाई झाली. गाडीत, वाटेत. ॲसिड होतं माझ्याकडे."

सदानंदनं त्यांच्याकडे पाहिलं. फाननी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मुश्ताकसाहेबांना हे खोटं आहे हे कळलं होतं. आरशाच्या काठाच्या खाचेत हळद होती. ती त्यांनी नखानं टोकरली, बोटावर पाहिली, आणि सदानंदकडे बराच वेळ पाहिलं. सुचित्राचं आजारपण त्यांना माहीत होतं. तिच्या कार्डाचे कागद तेच पुढं पाठवायचे. शेवटी त्यांनी कोरा कागद फानसमोर सरकवला. "लिखके दीजिए, प्रोफेसरसाब. और सोचके लिखिए. ये दूर तक जाएगा."

फाननी लिहिलं आणि सही केली.

तो कागद खरोखर दूर गेला. समितीनं एका बैठकीत कबर अनिश्चित ठरवली. पाइपलाइनला परवानगी मिळाली, टेकाड आठवड्याभरात सपाट झालं, हाडं एका खोक्यात भरून गोडाऊनच्या वरच्या फळीवर गेली. फानचं कॉन्ट्रॅक्ट रद्द झालं. या धंद्यातली माणसं थोडी आणि सगळी एकमेकांना ओळखणारी. जन्मभर काही धुवू नका म्हणणाऱ्या माणसानं ॲसिडनं आरसा घासला, ही गोष्ट लंडनपासून बीजिंगपर्यंत हसत हसत पोचली. त्यांचं एक पुस्तक छापायला घेतलं होतं, ते थांबलं.

जायच्या आदल्या दिवशी ते जेवायला आले. सुचित्रानं वरणभात केला होता. कोणी फारसं जेवलं नाही. सदानंदनं सगळं तिच्यापासून लपवायचा प्रयत्न केला होता. पण फोन वाजत होते, आणि ती काही लहान मूल नव्हती. तिनं ताटं उचलली नाहीत. समोर बसली आणि म्हणाली, मी उद्या ऑफिसात जाऊन सांगणार आहे. मी घासला म्हणून.

सदानंद म्हणाला, वेडी आहेस का?

फाननी हात वर करून त्याला थांबवलं. मग त्यांनी आजवर न सांगितलेलं सांगितलं. त्यांना कोंडलं होतं तेव्हा सूयीनची मूत्रपिंडं बिघडली होती. औषध शहरात मिळायचं, पण ते आणून देणारं घरात कोणी नव्हतं. सही केली असती तर त्यांना घरी सोडणार होते. तिनं एका कामगाराच्या हाती निरोप पाठवला होता, करा सही, चोर म्हणू दे. त्यांनी केली नाही. थंडीत ती गेली.

"मी खरा होतो," फान म्हणाले. "ती मेली. माझ्या खरेपणाचा तिला काय उपयोग झाला?"

सदानंदला वाटलं, आता ती ऐकेल.

"सर, तुमचं दुःख मला कळतं," ती म्हणाली. "पण मला कोणी विचारलं का? तुम्ही दोघांनी ठरवलं. मी दर खेपेला सुई टोचून घेणार आणि दर खेपेला आठवणार, की ही तुमच्या नावावर टोचतेय. हे मला चालतं का, विचारायचं तरी."

"सूयीननं सांगितलं, तेव्हा मी ऐकलं नाही," फान म्हणाले. "तुम्ही सांगता, तेही ऐकत नाही. मी तसाच माणूस आहे. माफ करा."

ते उठले, दोन्ही हात जोडून वाकले आणि गेले. विमानतळावर सदानंद गेला, ती गेली नाही.

पण ती ऑफिसात गेली. सदानंद साइटवर असताना टॅक्सी करून गेली, मुश्ताकसाहेबांसमोर बसली आणि सगळं सांगितलं. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. ते म्हणाले, "भाभी, मैंने कुछ सुना नहीं. सुनूंगा तो सदानंदभाई महीनेभर में जाएंगे. और प्रोफेसर का क्या होगा? कायदा तोड़ा, ऊपर से झूठ भी लिखा. टीला तो गया. खलास." मग त्यांनी स्वतः तिला खाली टॅक्सीपर्यंत सोडलं. सदानंदला हे तिनं सांगितलं नाही, मुश्ताकसाहेबांनी सांगितलं.

त्यानंतर तिनं सगळी इंजेक्शनं घेतली, एकही चुकवलं नाही. तक्रार केली नाही. सदानंदशी ती घरातलं सगळं बोलायची, शुभ्राचा अभ्यास, भाजी, पुण्याचे फोन. पण पूर्वी ती त्याला टोमणे मारायची, त्याची चित्रं बघून नावं ठेवायची, हा माठ आहे की तुमचे मामा असं विचारायची. ते बंद झालं. कधी तरी ती दिवाणावर पडल्या पडल्या त्याच्याकडे नुसती बघत राहायची. तो विचारायचा, काय? ती म्हणायची, काही नाही. तो पुन्हा विचारायचा नाही, कारण काय ते त्याला माहीत होतं. एकदा तिनं फानना चीनला फोन लावला. पलीकडून कोणी तरी चिनी बोललं, तिनं "सर, सर" म्हटलं, आणि लाइन तुटली. दोन हजार सालच्या एप्रिलमध्ये, दुखणं परत उलटल्यावर, ती गेली. शुभ्राची दहावीची परीक्षा तेव्हाच संपली होती. तिचं दहन तिथंच, दुबईत केलं.

फान पुढच्या वर्षी वारले. हे सदानंदला त्यांच्या पुतण्याकडून कळलं. संस्थेच्या छोट्या पत्रकात त्यांच्याबद्दल अर्धं पान आलं, त्यात गावच्या भट्ट्यांचं काम होतं. आखाताचं नाव नव्हतं.

दोन हजार तीनमध्ये ऑफिसात नवी भरती झाली. वस्तू कशा हाताळायच्या यावर त्यांना दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. शिकवायला बाहेरून एक तज्ज्ञ आला होता, हसतमुख माणूस. त्यानं गोडाऊनमधून तो आरसा मागवला आणि सगळ्यांना दाखवला. म्हणाला, हा एका मोठ्या चिनी प्रोफेसरनं गाडीत बसून ॲसिडनं घासला. वाचायची घाई झाली म्हणे. सगळे हसले. सदानंद मागं आपल्या टेबलावर एका सुरईचं चित्र काढत होता. ही गोष्ट त्यानं आधीही दोनदा ऐकली होती आणि मान वर केली नव्हती.

या वेळी तो उभा राहिला. पेन्सिल हातातच होती.

"प्रोफेसरनं नाही घासला," तो इंग्रजीत म्हणाला. "माझ्या बायकोनं घासला. माझ्या घरी. मी नेला होता."

सदानंदनं सगळं सांगितलं, सणाचंसुद्धा. त्याला ते नीट सांगता आलं नाही. पूजा, हत्यारं, चिंच, इंग्रजीत हे सगळं वेड्यासारखं वाटत होतं. तज्ज्ञाला आधी काही समजेना. मग समजलं, आणि त्याला हसू आवरेना. "टॅमरिंड?" तो म्हणाला. दोघं-तिघं पुन्हा हसले, आता आणखी जोरात. सदानंदच्या लक्षात आलं, की ते हसणं आता फानवरून निघून सुचित्राकडे गेलं. तिला हेच हवं होतं. तिला ऐकायला मिळालं असतं तर ती म्हणाली असती, हसू दे. पण ती नव्हती, आणि त्याला ते सहन झालं नाही. तो बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिला.

मुश्ताकसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते म्हातारे झाले होते. आता इतक्या लोकांसमोर झाल्यावर मला ऐकावंच लागणार, असं ते म्हणाले. नियम मोडला, खोटं चालू दिलं, कॉन्ट्रॅक्ट पुढं चालणार नाही. सदानंदनं विचारलं, प्रोफेसरांच्या त्या कागदावर खरं काय ते लिहाल का? मुश्ताकसाहेब म्हणाले, इन्शाल्ला. म्हणजे काय ते सदानंदला कळलं. मग त्यांनी विचारलं, इतकी वर्षं थांबलात, दोघंही गेल्यावर सांगितलंत, आता कोणाचं भलं झालं? सदानंद म्हणाला, कोणाचंच नाही.

टेबल आवरून तो निघाला तेव्हा जिन्यात नव्या भरतीतली शहनाझ नावाची मुलगी उभी होती. हैदराबादची, बाविशीची. आत ती हसली नव्हती. तिनं त्याच्या हातातला चित्रांचा गुंडाळा खाली गाडीपर्यंत नेऊन दिला. गाडीशी आल्यावर घुटमळत तिनं विचारलं, अंकल, फिर आंटी ठीक हो गईं?

"अडीच साल," सदानंद म्हणाला. "फिर नहीं."

तिनं विचारलं, ती अडीच वर्षं तरी चांगली गेली का?

सदानंदनं चित्रं मागच्या सीटवर ठेवली. खोटं सांगायचं तर सोपं होतं, मुलगी त्यासाठीच विचारत होती. त्याला ती दिवाणावरची नजर आठवली, आणि सकाळी स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाज आठवला, जो त्या वर्षांत रोज येत होता आणि आता येत नव्हता.

"चांगली नाही गेली," तो म्हणाला. "पण सुचित्रा होती."

त्यानं गाडी सुरू केली. दुपारची वेळ होती, स्टिअरिंग हाताला चटके देत होतं.